देवदूतांचा फराळ

देवदूत काय खातात, हा प्रश्न राजुऱ्यात यापूर्वी कोणी विचारल्याचं माझ्या ऐकिवात नाही. गावातल्या माणसांनी काय खाल्लं याचीच चौकशी आमच्याकडे इतकी चालते, की स्वर्गापर्यंत पोचायला कोणाला सवड होत नाही. पण आमच्या घरात हा प्रश्न निघाला, आणि तोही बाबांच्या हृदयावरून निघाला.

झालं असं, की नागपूरला बाबांच्या हृदयात दोन स्टेंट बसवले. घरी सोडताना डॉक्टरांनी एक छापील यादी हातात दिली. तूप, लोणी, साय, डालडा, अंड्यातला पिवळा बलक अशी एकेक नावं आणि प्रत्येकापुढे फुली. बाबा निवृत्त शिक्षक. त्यांनी चष्मा लावून यादी वाचली, 'पिवळा'मधला 'पि' ऱ्हस्व आहे याची खात्री करून घेतली आणि घडी घालून ती पोथीत ठेवली. त्या दिवसापासून ते यादीबरहुकूम जेवू लागले. जेवू लागले म्हणजे, मस्टरवर सही करावी तसे पानावर बसून उठू लागले. कोणत्याही पदार्थाला नाव ठेवीनात. हे त्यांच्या बाबतीत फार वाईट लक्षण. भाजीला नाव ठेवल्याशिवाय ज्याने जन्मात घास घेतला नाही असा हा माणूस! एकदा सौ.ने परीक्षा म्हणून वरणात मीठच घातलं नाही. बाबांनी मुकाट्याने जेवून हात धुतले. सौ. रात्रभर झोपली नाही.

अशी दोन वर्षं गेली आणि त्यांचं सहस्रचंद्रदर्शन जवळ आलं. हजार पौर्णिमा पाहिलेल्या माणसाचा हा सोहळा. मी पडलो कॉमर्सचा पदवीधर. एका पौर्णिमेपासून दुसरीपर्यंत २९.५३ दिवस धरून हिशेब केला, तर हजार पौर्णिमांना ८० वर्षं १० महिने लागतात. गुरुजी म्हणाले, ८० वर्षं ८ महिने. दोन महिन्यांची तफावत बँकेत निघाली असती तर ऑडिटरने माझी दिवाळी खाल्ली असती. गुरुजींनी ती अधिक मासात सहज जिरवली. बाबांचा जन्म मे १९४४ चा, तेव्हा २०२५ चा जानेवारी मुक्रर झाला.

आमची कन्या नववीत आहे. तिने जाहीर केलं, "सकाळी होम करा, ओवाळा, काय हवं ते करा. संध्याकाळी आजोबा केक कापणार."

"केक म्हणजे डॉक्टरांच्या त्या यादीचीच बेरीज," सौ. म्हणाली.

"अगं आई, एक केक असा आहे की त्यात यादीतलं काही म्हणजे काहीच नसतं. एंजल फूड केक. अंड्यातलं फक्त पांढरं, साखर आणि मैदा."

साखरेपुढे फुली नव्हती. मधुमेहाने आमच्या घराचा पत्ता अजून काढलेला नाही, ही देवाची कृपा.

"देवदूतांचं अन्न," बाबा कोपऱ्यातून म्हणाले, "म्हणजे वरून बोलावणंच आलं म्हणायचं."

दोन वर्षांत एखाद्या पदार्थाला त्यांनी ठेवलेलं हे पहिलं नाव. मी तिथल्या तिथे ठरवलं, हा केक झालाच पाहिजे.

आता बँकेत अनोळखी माणसाचं खातं उघडायचं तर आधी त्याची ओळख पटवावी लागते. कुठला, कोणाचा, यापूर्वीचा पत्ता काय. केकबद्दलही मी तीच चौकशी केली. हा गृहस्थ अमेरिकेचा निघाला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिकडे जन्मला. जन्मगावाबद्दल वाद आहे, तेव्हा घराणं बरं असावं. त्याच्याआधी तिकडच्या पाकपुस्तकांत केकची एक जोडी असे, सिल्व्हर केक आणि गोल्ड केक. चांदीच्या केकात अंड्यातलं पांढरं, सोन्याच्या केकात पिवळं. वाचून मला भरून आलं. जमा आणि नावे! ज्या बाईला ही जोडी पहिल्यांदा सुचली ती आमच्या बँकेत असती तर मॅनेजर होऊनच निवृत्त झाली असती. पुढे कधीतरी त्या चांदीच्या केकातलं लोणी गळालं आणि निव्वळ फेसावर उभा राहणारा हा केक आला, असं मानतात. इतका पांढरा आणि इतका हलका, की देवदूतांनीच खावा, म्हणून हे नाव. बॉस्टनच्या पाकशाळेचं जे पुस्तक फॅनी फार्मरबाईंनी १८९६ साली काढलं आणि जे पुढे घरोघर गेलं, त्यात तो आहे. देवदूत आल्यावर सैतान किती दिवस मागे राहणार? लोणी, चॉकलेट आणि बलक असलेला 'डेव्हिल्स फूड केक' लवकरच निघाला. डॉक्टरांनी आपली यादी त्याच्यावरूनच उतरवून घेतली असावी.

आपला एंजल केक फुगतो तो नुसत्या हवेने. सोडा नाही, पावडर नाही. पांढरं घुसळत राहायचं. जुन्या काळी हे काम स्वयंपाकिणीच्या दंडाने व्हायचं, आणि दक्षिण अमेरिकी संस्थानांतल्या मोठ्या घरांतून ते दंड गुलाम बायकांचे असत. केक खाणाऱ्यांनी पुस्तकं लिहिली, फेस काढणाऱ्यांची नावं फारशी उरली नाहीत. १८७० नंतर हाताने फिरवायचं दातेरी चाकांचं यंत्र स्वस्त होऊन घरोघर पोचलं आणि मग या केकचा बोलबाला झाला. आपल्याकडे ताकाची रवी शतकानुशतकं फिरते आहे, पण तिला कोणी अंड्याजवळ नेलं नाही. नेली असती तर रवी बाटली असती.

आणि गंमत पाहा. केक तिकडे नावारूपाला येत होता त्याच वर्षांत एक मराठी मुलगी त्याच मुलखात होती. आनंदीबाई जोशी १८८३ साली अमेरिकेत उतरल्या, न्यू जर्सीतल्या रोझेल गावी कार्पेंटरबाईंच्या घरी राहिल्या आणि फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजातून १८८६ साली डॉक्टर झाल्या. लुगडं सोडलं नाही, शाकाहार सोडला नाही. त्यांच्यासमोर हा केक कोणी ठेवलाच असता, तरी पांढराशुभ्र आहे म्हणून त्यांनी त्याला सोवळ्यात घेतलं नसतं. कार्पेंटरबाईंना त्या मावशी म्हणत. परदेशातून आलेल्या भाचीला आज खायला काय घालावं, हा त्या मावशीचा रोजचा घोर ज्याच्या घरात पथ्याचा माणूस आहे त्यालाच कळेल. आनंदीबाई क्षयाने खंगून परत आल्या आणि फेब्रुवारी १८८७ मध्ये पुण्याला गेल्या त्या कायमच्या. वय अवघं एकवीस.

त्यांचे यजमान गोपाळराव. हे वेगळंच प्रकरण होतं. १८९० च्या ऑक्टोबरात पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये शहरातली प्रतिष्ठित मंडळी जमली होती. कार्यक्रम झाला, चहा-बिस्किटं फिरली. कोणी घेतली, कोणी यजमानांचा मान राखण्यापुरता कप हातात धरला. पुढे गोपाळरावांनी हजर असलेल्यांची नावंच छापून आणली. त्यात रानडे होते, टिळक होते. पुण्यात ग्रामण्य माजलं, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, आणि न्यायाधीश असलेल्या रानड्यांनाही शेवटी प्रायश्चित्त घ्यावं लागलं. एका बशीतल्या बिस्किटांनी महाराष्ट्रात एवढी उलथापालथ दुसऱ्यांदा केलेली नाही. याद्या करणाऱ्या माणसांपासून सांभाळून असावं, असं माझं तेव्हापासूनचं मत आहे.

हे लोण आमच्या घरात पोचायला बासष्ट वर्षं लागली. त्याला कारण भूगोल. वर्धा नदीच्या अलीकडचा हा मुलूख निजामाचा. पलीकडे बल्लारपूरला इंग्रजांचा कलदार रुपया, अलीकडे हैदराबादचा हाली सिक्का. सात हाली म्हणजे जवळजवळ सहा कलदार, आणि निजामाच्या हद्दीत येणाऱ्या मालावर करोडगिरीचं खातं टपलेलं. त्या काळी मी इथे कारकून असतो तर दुपारच्या आत भोवळ येऊन पडलो असतो. सप्टेंबर १९४८ च्या पोलिस कारवाईने निजामशाही संपली, पण राजुरा राहिलं आदिलाबाद जिल्ह्यातच. १९५६ साली ते नांदेड जिल्ह्यात गेलं, १९५९ साली चांदा जिल्ह्यात आलं, आणि पुढे त्या चांद्याचंही चंद्रपूर झालं. बाबांनी घराचा उंबरठा न ओलांडता तीन जिल्हे पाहिले. भूगोलाचे मास्तर ते उगाच नाही झाले.

तर १९५२ साली आजोबा कोर्टाच्या कामाला हैदराबादला गेले आणि येताना इराण्याच्या बेकरीतला केक पत्र्याच्या डब्यात घालून काझीपेठमार्गे घरी घेऊन आले. बाबा तेव्हा आठ वर्षांचे. आजीने डब्याला नाक लावलं, "यात अंडं आहे" असा निकाल दिला आणि डबा गोठ्यात गेला. बाबांनी आयुष्यातला पहिला केक म्हशीच्या शेजारी उभं राहून खाल्ला. मग विहिरीवर आंघोळ, मग घरात प्रवेश. त्या केकची चव अजून जिभेवर आहे, फक्त तिला शेणाचा थोडा वास येतो, असं ते सांगतात. तेव्हापासून केक खायचा तो घराबाहेर, हा त्यांचा नेम झाला. चांद्याला कामाला गेले की केक, नागपूरला लग्नाला गेले की केक. घरात नाव नाही.

आई १९७३ साली लग्न होऊन या घरात आली. नवरा परगावाहून येतो तेव्हा त्याच्या शर्टाच्या खिशात केकचा चुरा असतो, हा शोध तिला सहा महिन्यांत लागला. दुसऱ्या कोणाच्या बायकोला खिशात याहून वाईट काही सापडलं असतं. पण आईने मनाला लावून घेतलं. कुठून तरी तिने कृती मिळवली. कंडेन्स्ड मिल्कचा डबा, मैदा, लोणी, चिमूटभर सोडा. अंडं नाही. ओव्हन नव्हता, तेव्हा कुकरमध्ये वाळू घालून, शिट्टी आणि रबर काढून, वर डबा. वाळू वर्धेच्या पात्रातली, सात पाण्यांनी धुतलेली. अंड्याची शंका राहू नये म्हणून सगळा कारखाना आजीच्या डोळ्यांसमोर. आजी जपमाळ घेऊन राखणीला बसे आणि कुकरचं झाकण उघडेपर्यंत हलत नसे. असा केक एकदाचा आमच्या घरात शिरला, आणि बाबांनी तो पाटावर बसून खाल्ला.

आईसारखी माणसं जगात आणखीही झाली. इंग्लंडात बर्मिंगहॅमला आल्फ्रेड बर्ड नावाचे औषधविक्रेते होते. त्यांच्या पत्नीला अंडंही सोसत नसे आणि यीस्टही. या भल्या माणसाने १८३७ साली बायकोसाठी बिनअंड्याचं कस्टर्ड तयार केलं आणि १८४३ साली, यीस्टवाचून तिचा पाव फुगावा म्हणून, बेकिंग पावडर केली. आपल्या किराणा दुकानात कस्टर्ड पावडर आणि बेकिंग पावडर हे डबे शेजारी शेजारी बसलेले असतात. दोघांच्या मागे एका बाईची पोटदुखी आहे. सुरतेच्या नानखटाईचंही असंच सांगतात. डचांच्या बेकरीतली कृती पारशी बेकरीवाल्याकडे आली, गिऱ्हाईक बिचकतं म्हणून त्याने तिच्यातली अंडी आणि ताडी काढून टाकली. त्याने ते गल्ल्याकडे पाहून केलं, बर्डसाहेबांनी बायकोकडे पाहून. आई म्हणे, मी सासूबाईंसाठी करते. कोणासाठी करते ते आजीलाही ठाऊक होतं.

आई सहा वर्षांपूर्वी गेली. कुकर माळ्यावर आहे. तो काढावा असं एकदा मनात आलं होतं, पण आईच्या केकात लोणी भरपूर, तेव्हा तोही यादीत नापास. उरला देवदूत.

कृती हातात घेतली आणि पहिल्याच ओळीत अडलो. क्रीम ऑफ टार्टर. किराणावाला म्हणाला, "क्रीम सकाळी संपली, दही देऊ का?" हे क्रीम म्हणजे द्राक्षाची दारू पिंपात मुरताना तळाला आणि कडांना जे खडे धरतात त्यांची शुद्ध केलेली भुकटी. आमच्या जिल्ह्यात २०१५ ते २०२१ दारूबंदी होती. त्या वर्षांत मी हे मागत फिरलो असतो तर केकऐवजी जामिनाची खटपट करावी लागली असती. तिचं काम मात्र साधं. तिच्या आंबटपणाने फेस टिकतो. ते काम लिंबूही करतं, आणि लिंबू राजुऱ्यात मिळतं.

बारा अंडी फोडायचं काम सौ.ने घेतलं. पांढऱ्यात पिवळ्याचा थेंब जरी गेला तरी त्यातल्या स्निग्धाने फेस धरत नाही, म्हणून प्रत्येक अंडं आधी वाटीत, मग पातेल्यात. पाचशेच्या नोटा मोजणाऱ्या कॅशियरच्या चेहऱ्यावरही मी एवढी एकाग्रता पाहिलेली नाही. कन्येने बीटर फिरवला, मी दीड कप साखर चमच्याचमच्याने सोडत गेलो. फेसाचे सुळके उभे राहिले तेव्हा एक कप मैदा चाळून हलक्या हाताने मिसळला. जोर लावला तर कोंडलेली हवा निघून जाते. डबा मधोमध नळी असलेला, चंद्रपूरहून आणलेला. त्याला तूप लावायचं नाही, असं कृतीत बजावून सांगितलेलं. मिश्रण डब्याच्या कोरड्या अंगाला धरून वर चढतं, गुळगुळीत भिंतीवर त्याचा पाय घसरतो. जन्मभर थाळ्याला तूप लावून वड्या थापलेल्या बाईच्या हे जिवावर आलं. "चिकटला तर मला बोलू नका," म्हणत तिने डबा ओव्हनमध्ये ढकलला. १७५ अंश, चाळीस मिनिटं. मे महिन्यापर्यंत थांबलो असतो तर ओव्हनचीही गरज नव्हती. आमच्याकडे पारा ४७ च्या पुढे जातो.

खरा तमाशा पुढे. हा केक गरम असताना सरळ ठेवला तर स्वतःच्याच वजनाने बसतो. म्हणून डबा उलटा करून, त्याची नळी बाटलीच्या मानेत अडकवून, गार होईपर्यंत लटकत ठेवायचा. त्याप्रमाणे आम्ही डबा उलटा टांगला आणि तिघं त्याच्याकडे बघत बसलो. तेवढ्यात सकाळी विसरलेली पळी न्यायला गुरुजी आले. टेबलावर मधोमध बाटली आणि तिच्याभोवती घरातली कर्ती माणसं गंभीर चेहऱ्याने बसलेली, हे त्यांनी पाहिलं.

"सरबताची आहे," मी म्हणालो.

"मी कुठे काय म्हणालो?" म्हणत त्यांनी पळी घेतली आणि काढता पाय घेतला.

आता किर्दीची एक बाजू उघडी राहिली. बारा बलक! माझ्यासारख्याला रात्री झोप कशी लागणार? शेजारच्या काकूंकडे वाडगा घेऊन गेलो, तर त्या म्हणाल्या, "भाऊ, आमचा पोरगा जिमले जाते. पांढरं तेवढं खाते न् पिवळं रोज पडून रायते. मीच तुमच्या घरी आणून देणार होती." जगात एकेकाळी या उलटही अडचण होती. पोर्तुगालच्या मठांतून जोगिणींच्या कपड्यांना खळ करायला अंड्यातलं पांढरं वापरत आणि उरलेल्या बलकांची पक्वान्नं करत, असं सांगतात. त्यांच्याबरोबर ही विद्या गोव्यात आली. जुन्या गोव्यात सतराव्या शतकाच्या सुरुवातीला बांधलेला सांता मोनिकाचा मठ आहे. तिथल्या बिबियाना नावाच्या जोगिणीने बलक, नारळाचं दूध, साखर, मैदा आणि तूप यांचे थरावर थर भाजून बेबिंका केली, अशी आख्यायिका आहे. अमेरिकेतल्या बाईला पिवळ्याचं काय करावं ही चिंता, गोव्यातल्या जोगिणीला पांढऱ्याची भरती. दोघींची खाती एका शाखेत असती तर तेरीज तिथल्या तिथे जुळली असती. आमचे बलक शेवटी गल्लीतल्या कुत्र्याने जमा करून घेतले.

केक डब्यातून सुरीने सोडवला तो अखंड निघाला. बोटाने दाबला की पुन्हा वर येत होता. बाबांनी धोतर नेसून, कपाळावरचा सकाळचा गंध तसाच ठेवून, तो कापला. पहिला तुकडा तोंडात घातला. आम्ही तिघं श्वास रोखून उभे. ते बराच वेळ चघळत राहिले, खरं म्हणजे चघळण्यासारखं त्यात काही नव्हतंच.

"सरकारी आश्वासनासारखा आहे," ते म्हणाले. "दिसायला एवढा मोठा, आणि तोंडात घातला की काहीच नाही. साखर जास्त झाली. लिंबू लागतंय. आणि तुझ्या आईच्या केकाला भुकेचा आधार होता, याला नाही."

सौ.ने पदर डोळ्यांना लावला. दोन वर्षांनी एका दमात चार नावं!

मग त्यांनी दुसरा तुकडा घेतला. तिसरा बशीत घालून ते उठले आणि आईच्या फोटोकडे निघाले. अर्ध्या वाटेवर थांबले.

"तिला अंडं चालत नाही," म्हणाले, आणि परत येऊन तोही त्यांनीच खाल्ला.